गाडीचा पिवळा दिवा आणि आपल्या हातातला पाना

मैत्रिणींनो, कुकरची रिंग सैल झाली तर आपण नवी आणून बसवतो. मिक्सरचा ब्रश झिजला तर तोही बदलतो. बर्नरची भोकं बुजली तर टाचणी घेऊन बसतो. पण दारातल्या गाडीचा पिवळा दिवा लागला की मात्र आपले हातपाय गळतात! मग ‘ह्यांना’ फोन, ह्यांचा मिस्त्रीला फोन, आणि संध्याकाळपर्यंत एखादा भलामोठा आकडा ऐकायची तयारी. आज नगर, संगमनेर, श्रीरामपूरसारख्या गावांत कितीतरी जणी मुलांना शाळेत सोडायला, सासूबाईंना दवाखान्यात न्यायला स्वतः गाडी चालवतात. मग त्या दिव्याचा अर्थही आपल्याला कळायला नको का?

स्टिअरिंगसमोरच्या काट्यांत इंजिनाच्या चित्राचा हा पिवळा दिवा अनेक कारणांनी लागतो. त्यातले एक नेहमीचे कारण म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. बोटाएवढी वस्तू; पण ती बिघडली तर पेट्रोल जास्त जाते, धूर विषारी होतो आणि पुढचा एक फार महागडा भाग निकामी होऊ शकतो. हा सेन्सर घरी बदलता येतो का? पुष्कळ गाड्यांत येतो. मात्र आधी तोच बिघडला आहे याची खात्री हवी.

शितावरून भाताची परीक्षा

गॅसची ज्योत निळी असली की आपण निश्चिंत असतो. ती पिवळी झाली, भांड्यांची बुडं काळी पडायला लागली, की हवा कमी पडतेय हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. इंजिनाचेही तसेच. १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढतो. हवा फार झाली तर इंजिन अडखळते.

हे प्रमाण बरोबर आहे की नाही, ते इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावरून कळते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तीच ही! ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या नळीत डोके खुपसून बसलेला असतो. आत झिर्कोनिया नावाच्या चिनी मातीसारख्या पदार्थाची टोपी असते. तिच्या एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक असला की त्यातून अगदी थोडी वीज तयार होते. पेट्रोल जास्त झाले तर साधारण ०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली तर ०.१ व्होल्ट. गाडीतला संगणक हा आकडा सतत वाचतो आणि त्याप्रमाणे पेट्रोल कमीजास्त सोडतो. (काही नव्या गाड्यांत वेगळ्या जातीचा सेन्सर असतो. त्याचे आकडे निराळे, काम तेच.)

ही टोपी तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणून तिच्या पोटात एक छोटा हीटर असतो. सेन्सर ‘गेला’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा हा हीटरच गेलेला असतो.

बहुतेक गाड्यांत असे दोन सेन्सर असतात. पहिला इंजिनाजवळ; तो पेट्रोलचे प्रमाण ठरवायला मदत करतो. दुसरा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पुढे. कन्व्हर्टर म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा डबा. जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो आणि त्यावरून जाताना धुरातले विष कमी होते. दुसरा सेन्सर फक्त या डब्यावर लक्ष ठेवतो. पहिला सेन्सर बिघडलेला असताना महिनोन् महिने गाडी तशीच पळवली, तर न जळलेले पेट्रोल त्या डब्यात जाऊन जळते, डबा नको इतका तापतो आणि जाळी वितळते. सेन्सर काही हजारांत मिळतो. कन्व्हर्टरचा खर्च त्याच्या कितीतरी पट!

हा विषय आपल्या दारातला

बॉश कंपनीने हा सेन्सर १९७६ साली बाजारात आणला आणि व्होल्वोच्या अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांना तो प्रथम बसला. आपल्याकडे मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना १९९५ च्या एप्रिलपासून कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पेट्रोलमधले शिसे कन्व्हर्टर आणि सेन्सर दोघांचाही घात करते. ते शिसेही २००० साली देशभरातल्या पेट्रोलमधून गेले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे कडक नियम आले.

नगरच्या वाहननगरात संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. नव्या मॉडेलच्या गाड्या तपासून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार ज्या मोजक्या संस्थांना केंद्रीय मोटार वाहन नियमांनी दिला आहे, त्यांत तिचे नाव आहे. म्हणजे गाड्यांची परीक्षा घेणारी शाळा आपल्याच गावात!

दुसरे नाते उसाचे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला आणि आपला जिल्हा साखरेचा जिल्हा झाला. आता त्याच उसाचे इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. १ किलो इथेनॉलला फक्त ९ किलो हवा लागते, कारण त्याच्या अंगातच ऑक्सिजन असतो. मिश्रण बदलले की हवेचे गणितही बदलते, आणि ते जुळवून घेण्याचे काम मुख्यतः हा पहिला सेन्सरच करतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा शक्ती कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडे घटते. म्हणून नुसते अ‍ॅव्हरेज कमी झाले, एवढ्यावरून सेन्सरला गुन्हेगार ठरवू नका हं.

आधी कोड वाचा

माझा अनुभव सांगते. आमची गाडी जुनी, पेट्रोलवरची. आठवड्यातले तीन दिवस मी शाळेत शिकवायला जाते ती सावेडीहून हीच गाडी घेऊन. गेल्या उन्हाळ्यात दिवा लागला. एका गॅरेजमध्ये नुसते बॉनेट उघडून सांगितले, “दोन्ही सेन्सर आणि कन्व्हर्टर, सगळंच बदलावं लागेल, ताई.” कोड वाचला का, असे विचारले तर उत्तर आले, “तुम्ही साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो.” मी किल्ली घेतली आणि घरी आले.

गाडीचा संगणक प्रत्येक बिघाडाला एक क्रमांक देतो. स्टिअरिंगखाली सोळा टाचण्यांचे एक सॉकेट असते. त्यात छोटे यंत्र खोचले की मोबाइलवर क्रमांक दिसतो. हे साधे यंत्र हजार रुपयांच्या आतबाहेर मिळते. दोनतीन शेजारणींनी मिळून घेतले तरी चालेल! आमच्या गाडीचा क्रमांक निघाला पी ०१३५, म्हणजे पहिल्या सेन्सरच्या हीटरचा दोष. पी ०१४१ असता तर दुसऱ्या सेन्सरच्या हीटरचा. पी ०४२० कन्व्हर्टरकडे बोट दाखवतो, आणि पी ०१७१ म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी.

पण क्रमांक म्हणजे निकाल नव्हे, तक्रार आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची नसेल तर आधी एवढे पाहा:

१. हीटरचा फ्यूज उडाला आहे का? फ्यूज वीसतीस रुपयांचा.

२. वायर उंदरांनी कुरतडली आहे का? गाडी अंगणात उभी राहत असेल तर हे हमखास पाहा.

३. हवेची रबरी नळी फाटली आहे का? सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरची नळी फुटून ‘फट्‌फट्’ आवाज येतो आहे का? तिथून बाहेरची हवा आत शिरते आणि चांगला सेन्सरही चुकीचे बोलतो.

४. मल्टिमीटर असेल तर सेन्सरच्या एकाच रंगाच्या दोन वायरींमध्ये (बहुधा पांढऱ्या) ओहम मोजा. काही ओहम ते पंधराएक ओहम दाखवले तर हीटर जिवंत. काहीच दाखवले नाही तर तो तुटला.

आमचा फ्यूज चांगला, वायर धड, हीटर मात्र तुटलेला. बदलायची वस्तू एकच ठरली.

प्रत्यक्ष काम

सेन्सर आणताना गाडीचा चॅसिस नंबर घेऊन अधिकृत पार्ट्सच्या दुकानात जा. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असा स्वस्त माल घेऊ नका. गाडी वॉरंटीत असेल तर काम घरी करूच नका, कंपनीच्या केंद्रात न्या.

पुष्कळ छोट्या गाड्यांत पहिला सेन्सर बॉनेट उघडले की वरूनच दिसतो. हा आपला. दुसरा गाडीच्या पोटाखाली असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, कोणीही शिरू नये. तो सेन्सर रॅम्प असलेल्या गॅरेजमध्येच बदलून घ्या.

आदल्या रात्री, इंजिन पूर्ण थंड असताना, सेन्सरच्या बुडाशी गंज सोडवणारा स्प्रे मारा. सकाळी गाडी सपाट जागी उघड्यावर लावा, हँडब्रेक ओढा, किल्ली काढा. साडीचा पदर किंवा ओढणी खोचा, बांगड्या काढून ठेवा, जाड हातमोजे घाला. बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह, वायर सोडवा. वर पत्र्याचे झाकण असेल तर त्याचे बोल्ट काढा. सेन्सरची वायर कुठे जाते ते बोटाने शोधत जोडापर्यंत जा आणि जोडाची कुंडी दाबून तो सोडवा. वायर ओढू नका.

आता पाना. बहुतेक सेन्सरला २२ मिलिमीटरचा लागतो. वायर जायला खाच असलेले खास सॉकेटही मिळते. डावीकडे फिरवा. हलला नाही तर बॅटरी आणि जोड पुन्हा लावून इंजिन दोनतीन मिनिटे चालवा, बंद करा, हात लावण्याइतके कोमट होऊ द्या, सगळे सोडवून पुन्हा प्रयत्न करा. धातू तापला की थोडा सैल होतो. तरीही हलत नसेल तर जोर करू नका. आटे फाटले तर नळीच बदलावी लागेल. काम मिस्त्रीकडे सोपवा. वस्तू कोणती बदलायची हे तुम्हाला ठाऊक आहे, तेवढ्याने पैसे वाचतात.

जुना निघाला की नव्याशेजारी ठेवून जोड आणि वायरची लांबी ताडून पाहा. नव्याच्या टोकाला बोट लावू नका, तेल लागू देऊ नका. कंपनीने आट्यांवर मलम लावून दिलेले असेल तर आणखी लावू नका. आधी हाताने, अलगद, बरणीचे झाकण लावतो तसा फिरवा, म्हणजे आटे तिरके बसणार नाहीत. मग पान्याने आवळा. माप साधारण ४० ते ५० न्यूटन मीटरचे असते, पण तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतले खरे. जोड ‘टक्’ आवाज होईपर्यंत लावा, वायर तापणाऱ्या नळीपासून दूर तिच्या चिमट्यात बसवा, पत्रा लावा, शेवटी बॅटरी.

आमच्याकडे हे काम तासाभरात झाले. पाना माझ्या हातात होता आणि टॉर्च ह्यांच्या!

नंतरची काळजी

गाडी उघड्यावरच सुरू करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. यंत्राने जुना क्रमांक पुसा आणि दहापंधरा किलोमीटर फिरून पुन्हा पाहा.

जुना सेन्सर लगेच फेकू नका, त्याचे टोक न्याहाळा. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात होते. तेलकट काळे असेल तर इंजिन ऑइल जळते आहे. पांढरी भुकटी असेल तर कूलंट आत झिरपत असेल, किंवा कोणी सिलिकॉनचे लुकण वापरले असेल. अशा वेळी खरे दुखणे तसेच राहिले तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाणार. टोक करड्या-तपकिरी रंगाचे असेल तर तो वयाने गेला, एवढेच.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र थांबू नका. पेट्रोल न जळता कन्व्हर्टरमध्ये जात असण्याची ती खूण असते. गाडी हळू नेऊन जवळच्या गॅरेजमध्ये दाखवा. दिवा दिसू नये म्हणून बल्ब काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर सरळ नाही म्हणा. पीयूसी नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि दंडाचे सोडा, शाळा सुटताना फाटकाशी चालू गाड्यांची रांग लागते, तेव्हा त्या धुराच्या नळ्या नेमक्या आपल्या मुलांच्या नाकाच्या उंचीवर असतात.

तेव्हा घरखर्चाच्या वहीत गाडीसाठी एक पान राखा. सेन्सर कधी बदलला, किलोमीटर किती झाले होते, क्रमांक कोणता होता, पैसे किती गेले, सगळे लिहा. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये कोणी ‘साहेबांना पाठवा’ म्हणाले, तर ते पान त्यांच्यापुढे ठेवा.