जुन्या स्पोर्ट्स कारचा गंज नुसता रंग मारून का जात नाही?

ब्रिटनमध्ये १९६२ ते १९८० दरम्यान बनलेली एमजीबी ही घरच्या गॅरेजमध्ये जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांची लाडकी स्पोर्ट्स कार. तिचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे गंज.

या गाडीला वेगळी चासी नसते, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. उघड्या टपाच्या मॉडेलला तर छताचाही आधार नाही. त्यामुळे दरवाजांखालचे पोकळ भाग, म्हणजे 'सिल', फार महत्त्वाचे. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ, चिखल आणि पाणी साचतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून दिसतो तो फक्त रंगाला आलेला फुगवटा.

त्यावर पुट्टी भरून रंग मारला की गाडी छान दिसते, पण ताकद परत येत नाही. त्यासाठी चांगला पत्रा लागेपर्यंत गंजलेला भाग कापून तिथे नवा पत्रा वेल्ड करावा लागतो.

खरी चूक इथेच होते. आधार न देता सिल कापली तर बॉडी मधोमध वाकते आणि मग दरवाजा नीट बसतच नाही. म्हणून आधी दरवाजाच्या चौकटीत लोखंडी आधार जोडतात, एका वेळी एकच बाजू कापतात आणि पक्कं वेल्डिंग करण्याआधी दरवाजा लावून फट तपासतात.

शेवटी पोकळीत मेणाचा फवारा मारायचा, नाहीतर गंज पुन्हा आतूनच सुरू होतो.