शाळा उघडण्यापूर्वीचे वाचन

मृगाच्या सरीचा अजून भरवसा नसतो, गोदाकाठच्या गंगाखेड तालुक्यात पेरणीची तयारी चाललेली असते, आणि शाळेच्या कार्यालयात वार्षिक नियोजन, घटक नियोजन, टाचणवही व नवा हजेरीपट अशा दप्तराची सिद्धता होत असते; परंतु जूनच्या त्या पहिल्या पंधरवड्यात शिक्षकाने स्वतः काय वाचावे व वर्षअखेर मुलांना कोठवर न्यावे, हा जो मुख्य प्रश्न, तो विहित नमुन्याच्या कोणत्याही रकान्यात मावत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा व्यक्त केली, आणि पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक बालकास समजून वाचता यावे व पायाभूत गणित यावे, यासाठी २०२६-२७ ची मुदत ठरविली. ही उद्दिष्टे योग्यच आहेत. तथापि दिल्लीत गृहीत धरलेले वर्ष आणि गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातील वर्ष यांची लांबी सारखी नाही.

तालुक्याच्या दक्षिणेस बालाघाटचे डोंगर आहेत. तेथील कोरडवाहू जमिनीवर ज्यांचे भागत नाही अशी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात, कारखान्यांचा हंगाम आटोपला म्हणजे परततात, आणि घरी सांभाळणारे कोणी नसेल तर मुलेही आईबापांबरोबर कोपीवर जातात. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहांची योजना आहे. परंतु धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी जिला फडावर न्यावे लागते, त्या मुलीच्या वाट्यास शाळेचे जेमतेम चार-साडेचार महिने येतात. म्हणून येथील शिक्षकाने आपला संकल्प दिवाळीपासून मागे मोजून करावा, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. जोडाक्षरांसह वाचन आणि हातच्याची बेरीज-वजाबाकी एवढे तिच्यापुरते आधी पक्के व्हावे, बाकीचे पाठ मागाहून आले तरी चालतील, असा निर्णय घेण्यास जे धैर्य लागते, ते छापील नियोजनातून येत नाही. आपल्यापूर्वी कोणी असे केले होते, हे वाचून ते येते.

आणि असे करणारे आपल्याकडे होऊन गेले आहेत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात जेव्हा पाहिले, की आदिवासी मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तेव्हा त्यांनी मुलांना दोष न देता शाळाच कुरणात नेली, आणि त्या कुरणशाळेत झाडे, दगड, पाने हेच शिक्षणाचे साहित्य झाले. ज्या गिजुभाई बधेकांबरोबर ताराबाईंनी भावनगरास काम केले, त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात तर एका शिक्षकाच्या एका वर्षाचीच हकीकत आहे: अधिकाऱ्याची परवानगी मिळवून तो चौथीचा वर्ग हाती घेतो, पहिल्याच दिवशी त्याचा शांततेचा खेळ पार फसतो, आणि दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो. वर्षारंभी वाचण्यास याहून योग्य पुस्तक मला ठाऊक नाही, कारण घरी केलेल्या टिपणाची वर्गात काय अवस्था होते, हे त्यात प्रांजळपणे सांगितले आहे. कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयाच्या लीलाताई पाटील यांचे लेखनही असेच वर्गातून उपजलेले आहे.

अध्यापनाच्या कामी थेट न येणारे वाचनही शिक्षकाने सोडू नये. पूर्वीच्या परभणी जिल्ह्यातील कुरुंदा गावचे नरहर कुरुंदकर महाविद्यालयात जाण्यापूर्वी नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते. नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत त्यांच्या व्यासंगाचा विस्तार होता.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकांचे वाचन होते, माहितीचे तक्ते भरून घेतले जातात. त्याच बैठकीत अर्धा तास राखून एका शिक्षकाने वाचलेल्या पुस्तकाविषयी बोलावे आणि त्यानंतर स्थलांतराच्या वाटेवरील प्रत्येक मुलाचे नाव घेऊन त्याचे वाचन कोठे अडले आहे ते सांगावे, याला खर्च नाही व वरिष्ठांची मंजुरीही लागू नये. जूनच्या पहिल्या परिषदेपासून हे सुरू झाले, तर टोळ्या निघण्यापूर्वी तीन-चार बैठकी मिळतात.