फाईल कोणी उघडली?

मरोळच्या एमआयडीसीत नोकरीला लागलेल्या आमच्या पोरांना पहिल्याच आठवड्यात आडनाव विचारले जाते. त्यावरून अंदाज आला नाही तर गाव, मग घरात कोणाचा फोटो लावला आहे ते. तेवढ्यानेही भागले नाही, तर शेजारच्या टेबलावरचा सहकारी ओळखीपाळखीने फाईल मिळवतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यात जातीचा रकाना असतोच. दुपारचा डबा उघडेपर्यंत बातमी मजलाभर झालेली असते. आणि याला म्हणे सहज उत्सुकता म्हणायचे!

ही चौकशी जुनी आहे. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात पारशी सराईत ओळख लपवून राहावे लागले. ओळख उघड होताच लाठ्या घेऊन माणसे दारात उभी राहिली.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. पण तो निकाल मरोळच्या गाळ्यात आपोआप पोहोचत नाही. तेव्हा पोरांनो, भांडत बसू नका. माझी फाईल कोणी, कधी, कोणाच्या परवानगीने उघडली, हे व्यवस्थापनाला लेखी विचारा. एकट्याने जाऊ नका, दोघेतिघे मिळून जा. आणि अर्जाची पोच घ्या, सही-शिक्क्यासह, तारीख घालून.