उत्पन्न चौपट, समाधान उणे

१९९० ते २०१० या दोन दशकांत चीनचं दरडोई उत्पन्न, महागाई वजा करूनही, किमान चौपट झालं. त्याच काळात जागतिक मूल्य सर्वेक्षणात तिथल्या लोकांना विचारलं जात होतं : एकंदर आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? एक ते दहापैकी गुण द्या. १९९० मध्ये सरासरी आली ७.२९. १९९५ मध्ये ती ६.८३ झाली, २००१ मध्ये ६.५३. (१९९० च्या फेरीत शहरी लोकच जास्त होते. तेव्हा ही मुख्यतः शहरांची कहाणी समजावी.)

अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टरलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ही सरासरी उत्पन्नगटांनुसार फोडून दाखवली. १९९० मध्ये वरच्या एक तृतीयांश लोकांपैकी ६८ टक्के समाधानी होते, तळच्या एक तृतीयांशातले ६५ टक्के. फरक जेमतेम तीन टक्क्यांचा. दोन दशकांनी वरचे ७१ वर गेले आणि तळचे ४२ वर घसरले.

घरोघरी रंगीत टीव्ही आणि फ्रिज येत असताना हे घडलं. मग गेलं काय? सरकारी कारखान्यातल्या कामगाराला कारखान्याकडूनच खोली मिळे, दवाखाना, पोरांची शाळा आणि म्हातारपणी पेन्शनही. पगार तुटपुंजा, पण नोकरी कायमची. त्या पिढीची मूल्यं याच व्यवस्थेत घडली : सुरक्षितता, बरोबरी, आणि आपण कुठल्या तरी समूहाचे आहोत ही खात्री. १९९५ ते २००३ मध्ये शहरांतल्या सरकारी नोकऱ्या सव्वाअकरा कोटींवरून सुमारे सात कोटींवर आल्या. अनेकांचं नाव हजेरीपटावर राहिलं, काम गेलं, हातात किरकोळ भत्ता उरला. पन्नाशीला टेकलेल्या माणसाची मूल्यं काही रातोरात बदलत नाहीत. ज्याने आयुष्यभर खात्रीला किंमत दिली, त्याला समाज आता कमाईच्या मापाने मोजू लागला होता. मुंबईचं गिरणगाव उठताना पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

याविरुद्ध एक आकडा ठेवायला हवा. राज्यशास्त्रज्ञ रोनाल्ड इंगलहार्ट यांच्या गटाने २००८ मध्ये ५२ देशांची आकडेवारी मांडली. १९८१ ते २००७ मध्ये त्यांतल्या ४५ देशांत आनंदाची पातळी वाढली होती, आणि आपलं आयुष्य आपल्या हाती आहे ही भावना त्यामागचं मोठं कारण ठरली. म्हणजे बदल मुळात वाईट नाही. माझ्या मते निवडीचं स्वातंत्र्य सुखावतं ते पायाखाली जमीन असेल तरच. चीनमध्ये निवड वाढली, पण तळच्या लोकांची जमीनच काढून घेतली गेली.

पुढे बेकारी ओसरली. ग्रामीण भागात २००३ पासून सहकारी आरोग्यविमाही आला. २००७ मध्ये समाधानाची सरासरी ६.७६ पर्यंत सावरली, तरी १९९० च्या खालीच. म्हणून आपल्याकडेही विकासदराचा किंवा सुखाचा आकडा छापून आला, की तळच्या एक तृतीयांश लोकांचा आकडा वेगळा मागा.