लिस्बनच्या गादीवरून: ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ची बारा वर्षे

स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीने १३ ऑगस्ट २०१३ रोजी ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ हा कंप्यूटर गेम बाजारात आणला. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याचा पुढचा, पाचवा भाग आला. मधल्या बारा वर्षांत चौथ्या भागावर डीएलसी (विकत घ्यायच्या जादा भरी) आणि पॅचचे इतके थर चढले की २०१३चा खेळाडू आज हा गेम उघडून बसला तर त्याला पुन्हा बाराखडीपासून शिकावे लागेल. खेळ १४४४मध्ये सुरू होतो आणि १८२१च्या जानेवारीत संपतो. जगाच्या नकाशावरचे कोणतेही राज्य घ्यायचे आणि पावणेचारशे वर्षे त्याचा कारभार करायचा. जिंकण्याची अशी एकच व्याख्या नाही.

बहुतेक जण फ्रान्स किंवा ऑटोमन घेतात. मी पुन्हा पुन्हा पोर्तुगालकडे वळत राहिलो. हा देश नकाशाच्या कडेला, अटलांटिकला पाठ लावून उभा आहे. सोळाव्या शतकात त्याची लोकसंख्या दहा ते पंधरा लाखांच्या दरम्यान होती. एवढ्याशा देशाची ठाणी ब्राझीलपासून मकावपर्यंत पसरली, आणि त्यांतली वसई, चौल, गोवा ही आपल्या किनाऱ्यावरची. छोट्या देशाला एवढा पसारा सांभाळायला काय काय लागते, हे या गेमने एकदम ओळखले नाही, ते टप्प्याटप्प्याने उमगत गेले. त्याने आधी जमीन मोजली, मग वसाहतींची निष्ठा, मग पैसा, आणि सर्वांत शेवटी माणसे. खरा पोर्तुगाल मात्र पहिल्यापासून माणसांवाचूनच अडला होता.

खेळाचा पहिला दिवस ११ नोव्हेंबर १४४४, वार्नाच्या लढाईनंतरचा दिवस. इतिहासात तेव्हा लिस्बनच्या गादीवर आफोन्सो पाचवा हा बारा वर्षांचा राजा होता आणि कारभार त्याचे चुलते पेद्रो पाहत होते. आफ्रिकेच्या टोकावरचे सेउता १४१५पासून ताब्यात होते, मादेइरा आणि असोरेस बेटांवर वस्ती सुरू झाली होती. इंग्लंडशी दोस्ती चौदाव्या शतकापासूनची. शेजारी एकच, कास्तिल, पण आकाराने कितीतरी मोठा. म्हणून पोर्तुगाल खेळणाऱ्याचा पहिला नियम ठरलेला असतो: कास्तिलशी बिघडवायचे नाही, इंग्लंडला सोडायचे नाही आणि राजाला वारस आहे ना यावर डोळा ठेवायचा. ही शेवटची काळजी उगाच नाही. १५७८मध्ये तरुण राजा सेबास्तियांव मोरोक्कोच्या रणात निपुत्रिक मारला गेला, आणि दोन वर्षांत पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्या डोक्यावर गेला. तो परत मिळायला १६४० उजाडले.

छोटेपण खेळात पहिल्यांदा जाणवते ते गुणांच्या हिशेबात. राजाच्या कुवतीप्रमाणे दर महिन्याला प्रशासन, मुत्सद्देगिरी आणि लष्कर असे तीन प्रकारचे गुण जमा होतात. समुद्र धुंडाळण्याच्या कल्पनांवर मुत्सद्देगिरीचे गुण खर्च होतात, आणि त्याच खात्यातले तंत्रज्ञानही त्याच गुणांवर पुढे सरकते. म्हणजे ब्राझीलकडे जहाज सोडले की दुसरीकडे कुठेतरी मागे पडायचे. वस्ती वसवायला कॉलनिस्ट सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्यापेक्षा जास्त वसाहती एकाच वेळी वाढवायला घेतल्या की खर्च झपाट्याने चढतो आणि तिजोरीत खडखडाट होतो.

२०१३च्या पहिल्या आवृत्तीत पुढचे काम सोपे होते. अंधारा नकाशा उजळायचा, रिकाम्या दिसणाऱ्या प्रांतात कॉलनिस्ट पाठवायचा, वस्ती एक हजारावर गेली की प्रांत आपला. समुद्रापलीकडची सारी जमीन थेट लिस्बनच्या खात्यात जमा व्हायची. खेळाडू याला नकाशा रंगवणे म्हणतात, आणि तेव्हा ते तेवढेच होते. वसाहतीला स्वतःचे मत नव्हते.

ते मत जानेवारी २०१४मध्ये आले, ‘कॉन्क्वेस्ट ऑफ पॅराडाइज’ या पहिल्या मोठ्या भरीबरोबर. अमेरिकेतल्या एखाद्या वसाहत-प्रदेशात तुमचे पाच प्रांत झाले की तिथे आपोआप एक नवे राज्य उभे राहते. त्याचा खजिना वेगळा, सैन्य वेगळे, आणि आसपासच्या लोकांशी ते आपल्या मनाने लढायला निघते. लिस्बनच्या वाट्याला उरते ते टॅरिफ, आणि वसाहत दहा प्रांतांची झाली की मायदेशाला एक जादा व्यापारी. मुंबईत बसलेल्या खोताने कोकणातल्या कुळाकडून खंड घ्यावा तसा हा मामला. खंड वाढवता येतो, पण वाढवला की कूळ हिशेब मागू लागते. वसाहतीच्या या हिशेबाला गेममध्ये ‘लिबर्टी डिझायर’ म्हणतात. टॅरिफ चढवले, व्यापारावरची मायदेशाची मक्तेदारी घट्ट केली किंवा वसाहत मायदेशाच्या तुलनेत बलवान झाली की हा आकडा वाढतो. पन्नास टक्क्यांच्या वर गेला की वसाहत तुमच्या युद्धांत साथ देत नाही, आणि तुमचे शत्रू तिच्या स्वातंत्र्याला पाठिंबा देऊ लागतात.

इथे छोट्या देशाची खरी कोंडी सुरू होते. फ्रान्ससारखा देश वसाहतीला दाबून ठेवू शकतो, कारण तो मुळातच तिच्याहून पुष्कळ मोठा असतो. पोर्तुगालचे तसे नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत खेळातला ब्राझील मायदेशाला तोलामोलाचा होतो. मग टॅरिफ उतरवायचे, तिथल्या राज्यकर्त्यांची मर्जी राखायची, वसाहतीच्या प्रांतांच्या विकासावर आपले गुण खर्च करायचे, आणि हे सगळे करताना आपण नक्की कोणाचे साम्राज्य वाढवतो आहोत, हे स्वतःला विचारायचे. इतिहासात हा प्रश्न शेवटी फारच उघडपणे समोर आला. नेपोलियनचे सैन्य चालून आल्यावर नोव्हेंबर १८०७मध्ये राजघराणे जहाजांत बसून ब्राझीलला निघाले. १८१५मध्ये ब्राझीलला पोर्तुगालच्या बरोबरीच्या राज्याचा दर्जा मिळाला. वसाहत दरबाराची राजधानी झाली आणि मायदेश पोरका.

याच भरीने दुसऱ्या बाजूनेही खेळायची सोय केली. वसाहत-राज्यच हातात घ्यायचे, टॅरिफ भरत राहायचे, लोकवस्ती आणि सैन्य वाढवायचे, परक्या सत्तांना गाठून स्वातंत्र्याचे युद्ध मांडायचे. लिस्बनहून खेळलेल्या माणसाने एकदा तरी ब्राझीलहून खेळावे. तिथून बघितले की आपण दुरुस्त करत बसलेला लिबर्टी डिझायरचा आकडा कोणाचा होता, ते कळते.

आशियातली गोष्ट निराळी, आणि गेमने ती निराळीच हाताळली. मे २०१४च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ने ट्रेड कंपनी आणली. आफ्रिका आणि आशियातले प्रांत कंपनीच्या ताब्यात दिले की कर कमी, पण व्यापारातली पकड वाढते. सप्टेंबर २०१८च्या ‘धर्मा’ने भारताचा नकाशा भरगच्च केला आणि कंपन्यांना गुंतवणुकीच्या नव्या वाटा दिल्या. अमेरिकेत राज्य आणि आशियात पेढी, अशी ही विभागणी.

ती किती खरी? १५३४ हे साल दोन्हीकडे महत्त्वाचे आहे. त्या वर्षापासून राजा जुवांव तिसरा याने ब्राझीलचा किनारा पट्ट्यांत कापून वंशपरंपरागत मालकांना वाटायला घेतला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याखालची मुंबईची बेटे पोर्तुगिजांना दिली. गोवा आल्बुकर्कने त्याआधीच, १५१०मध्ये, आदिलशाहीकडून घेतला होता. गोवा आणि कोची ही व्यापाराची ठाणी म्हणता येतील, पण वसईचा उत्तर प्रांत निव्वळ पेढी नव्हता. तिथली गावे पोर्तुगीज सरदारांना पट्ट्याने दिली जात, भाताच्या शेतीचा महसूल येई, चर्च आणि मठ त्या उत्पन्नावर चालत. गेमच्या दृष्टीने वसई ही ट्रेड कंपनीच्या यादीतली एक ओळ, पण प्रत्यक्षात ती जहागीरदारी होती. ही गेमची पहिली गफलत.

दुसरी गफलत बाणांची. व्यापाराचा प्रवाह नकाशावर आधीच आखलेला आहे आणि त्याची दिशा बदलत नाही. गुड होपच्या भूशिरावरून आयव्हरी कोस्ट आणि तिथून सेव्हिया, म्हणजे पोर्तुगालच्या दाराशी. प्रवाहाची अखेरची मुक्कामाची ठिकाणे तीन: व्हेनिस, जिनोआ आणि इंग्लिश चॅनल. विजयनगर किंवा बहमनी घेऊन खेळणाऱ्याने अर्धे जग जिंकले तरी लिस्बनचा माल गोव्याकडे खेचता येत नाही. लिस्बनहून खेळताना ही गोष्ट लक्षातही येत नाही, कारण पाणी आपल्याच बाजूला वाहत असते. ऑक्टोबर २०१६मध्ये ‘राइट्स ऑफ मॅन’ने एक जुना दोष काढला. तोवर भारतीय राज्ये जन्मानेच तंत्रज्ञानात मंद असत, आता वसाहतवाद, छापखाना अशा ‘संस्था’ उगमापासून पसरत जातात. व्यापाराचे बाण मात्र शेवटपर्यंत होते तसेच राहिले.

तिसरी गफलत अंतराची. लिस्बनहून सुटलेल्या जहाजाला वाऱ्यांच्या मर्जीने गोव्याला पोहोचायला सहा महिने लागत, म्हणजे पत्राचे उत्तर यायला वर्षाहून अधिक. गेममध्ये माउसच्या एका क्लिकसरशी हुकूम पोहोचतो. त्यामुळे चांगला खेळाडू अठराव्या शतकात वसई गमावत नाही, उलट कोकणपट्टीच गिळत सुटतो. प्रत्यक्षात १७३७मध्ये मराठ्यांनी उत्तर प्रांतात मोहीम उघडली आणि मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजांनी वसई घेतली. त्या दोन वर्षांत पोर्तुगिजांचे शौर्य कमी पडले नाही. गोव्याहून आणि लिस्बनहून वेळेवर पाठवायला माणसेच पुरेशी नव्हती. मलाक्का १६४१मध्ये, कोलंबो १६५६मध्ये, कोची १६६३मध्ये डचांकडे गेले, त्यामागेही मूळ कारण तेच.

पैशाच्या बाजूने खेळ २०१५मध्ये शहाणा झाला. फेब्रुवारीतल्या ‘एल दोरादो’ने सोन्याने भरलेल्या ताफ्यांची सोय केली. वसाहतीतल्या खाणींचे सोने जहाजाने मायदेशी येते, वाटेत चाचे ते लुटतात, आणि सुखरूप पोहोचले तरी देशात महागाई होते. हे पोर्तुगालला चपखल लागू पडते. १६९०च्या दशकात ब्राझीलच्या मिनास जेराइसमध्ये सोने सापडले, राजाचा हिस्सा पाचवा ठरला, आणि त्या सोन्याचा मोठा भाग आयातीपोटी इंग्लंडला गेला. १७०३च्या मेथ्युएन तहाने इंग्रजी कापडाला पोर्तुगालचे दार उघडले होते. छोट्या देशाकडे सोने येते, पण ते थांबत नाही.

माणसांची बाजू मात्र या गेममध्ये सगळ्यांत दुबळी राहिली. वसाहतीतले हजार लोक येतात कुठून? पोर्तुगालच्या मिन्हो किंवा बेइरा प्रांतातला एकही माणूस त्यासाठी कमी होत नाही. सैन्यासाठी मनुष्यबळाचा आकडा आहे, वसाहतकऱ्यांसाठी नाही. प्रांतातल्या मूळ रहिवाशांची संख्या, आक्रमकता आणि क्रौर्य हे तीन आकडे. त्यांच्याशी जमवून घेतले तर वसाहत पुरी झाल्यावर उत्पन्नात भर, नाहीतर हल्ल्याचे बटण. गुलाम हा पश्चिम आफ्रिकेतल्या प्रांतांचा एक व्यापारी माल, हस्तिदंतासारखा. ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवलेल्या आफ्रिकी गुलामांची संख्या पन्नास लाखांच्या जवळपास जाते, म्हणजे सोळाव्या शतकातल्या पोर्तुगालच्या लोकसंख्येच्या तिप्पट ते पाचपट. ब्राझील उभा राहिला तो मुख्यतः त्यांच्या श्रमावर. २०१८च्या डिसेंबरात ‘गोल्डन सेंच्युरी’ने अल्पसंख्याकांना वसाहतीत हाकलण्याची सोय दिली. माणूस एका जागेवरून दुसरीकडे जातो, ही कल्पना निदान तिथे डोकावली, पण तीही प्रांताचा धर्म आणि संस्कृती बदलण्याची युक्ती म्हणूनच.

पाचवा भाग १ एप्रिल १३३७ला सुरू होतो आणि त्यात लोकसंख्या ही पायाभूत गोष्ट आहे. शेतकरी, कारागीर, गुलाम असे थर मोजले जातात. वसाहतीत गेलेली माणसे मायदेशातून खरोखरच उणी होतात. राजधानीपासून अंतर वाढेल तसा ताबा सैल होतो, आणि बाजारपेठांचे बाण आता आधीच आखलेले नाहीत. म्हणजे माणसे, अंतर आणि बाण या चौथ्या भागाच्या तीन उणिवांवर एकदम हात घातला गेला.

तरी चौथ्या भागाचे ऋण मोठे आहे. पाच प्रांतांच्या साध्या नियमातून त्याने शिकवले की वसाहत वाढवणे म्हणजे तिला सोडण्याची तयारी करणे. मोठ्या देशाला हे उशिरा कळते, छोट्याला पहिल्या शंभर वर्षांतच. त्याची एक मर्यादा मात्र कायमची राहिली. खेळ १८२१च्या जानेवारीत थांबतो. त्याच वर्षी राजा जुवांव सहावा लिस्बनला परतला, आणि ७ सप्टेंबर १८२२ रोजी त्याच्याच मुलाने, पेद्रोने, ब्राझीलचे स्वातंत्र्य जाहीर केले. लिबर्टी डिझायर काटेकोरपणे सांभाळणारा पोर्तुगालचा खेळाडू आपण जिंकलो असे समजून गेम बंद करतो. आणखी वीस महिने खेळायला मिळाले असते तर तो तसे समजला नसता.