ताडोबाचा कॅमेरा, चंद्रपूरची चिमणी आणि हर्माइट बहुपदी: कार्बन डायऑक्साइड उष्णता नेमकी कशी पकडतो?

ताडोबात वाघ मोजायला झाडांना कॅमेरा ट्रॅप बांधतात. त्याचं बटण कुणी दाबत नाही. वाघ समोरून गेला की त्याच्या अंगाची ऊब आतल्या सेन्सरला कळते आणि फोटो निघतो. ही ऊब म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश. वाघाच्या अंगातून तो सगळ्यात जास्त ९-१० मायक्रॉन लांबीच्या लहरींच्या आसपास निघतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि हवा त्याला फारशी अडवत नाही. मे महिन्यात जमीन आणि दगडच वाघाइतके तापले की हा सेन्सर गोंधळतो, पण तो वेगळा विषय.

आता लहरीची लांबी १५ मायक्रॉन करा. त्याच हवेत हा प्रकाश काही मीटरांतच बराचसा अडतो. अडवणारा असतो कार्बन डायऑक्साइड. ऊर्जानगरचं २,९२० मेगावॉटचं वीज केंद्र कोळसा जाळून जो वायू सोडतं, तोच हा. हवेच्या दहा लाख रेणूंमागे याचे जेमतेम सव्वाचारशे रेणू. मग एवढासा वायू १० ला सोडतो आणि १५ ला बरोबर धरतो, हे कसं? याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या काही बहुपदींमध्ये सापडतं.

कावडीसारखा वाकणारा रेणू

या रेणूत मध्ये कार्बन आणि दोन बाजूंना ऑक्सिजन असे तीन अणू एका रेषेत असतात. खांद्यावरची कावड चालताना जशी वाकते, तसा हा रेणू सतत वाकतो. सेकंदाला सुमारे २० लाख कोटी वेळा!

स्प्रिंग आपण हवी तेवढी ताणू शकतो. रेणूला ती मुभा नाही. क्वांटमच्या नियमाप्रमाणे त्याची ऊर्जा शिडीच्या पायऱ्यांसारखी असते: पायरी ०, १, २, ३... आणि सगळ्या पायऱ्यांमधलं अंतर सारखं. कोणत्या पायरीवर असताना रेणू किती वाकलेला सापडेल, हे सांगणारा प्रत्येक पायरीचा एक आलेख असतो. घंटेच्या आकाराच्या वक्राला त्या पायरीच्या हर्माइट बहुपदीने गुणलं की तो आलेख मिळतो. पहिल्या चार बहुपदी अशा:

पायरी ०: १
पायरी १: २ × क्ष
पायरी २: ४ × क्ष × क्ष − २
पायरी ३: ८ × क्ष × क्ष × क्ष − १२ × क्ष

इथे क्ष म्हणजे रेणू किती वाकला ते. पुढची बहुपदी काढायची रीतही सोपी आहे: हातातली बहुपदी २ × क्ष ने गुणा, मग तिच्या पायरीच्या दुप्पट अंकाने आधीची बहुपदी गुणून त्यातून वजा करा. झालं.

आता खरी गंमत. प्रकाश रेणूला ढकलतो, तेव्हा गणितात त्याचा अर्थ ढोबळमानाने 'क्ष ने गुणणे' असा होतो. पायरी २ च्या बहुपदीला क्ष ने गुणून बघा. ४ × क्ष × क्ष × क्ष − २ × क्ष येईल. हे उत्तर म्हणजे पायरी ३ च्या बहुपदीचा अर्धा भाग अधिक पायरी १ च्या बहुपदीची दुप्पट, बाकी काही नाही. मोबाईल बाजूला ठेवून कागदावर करा, दोन मिनिटांत पटेल. म्हणजे पायरी २ वरून रेणू ३ वर जाईल किंवा १ वर उतरेल. ४ वर उडी नाही, ५ वर तर नाहीच. कुठल्याही पायरीपासून सुरुवात केली तरी हेच होतं.

उडी एकाच पायरीची आणि सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या. म्हणून प्रत्येक वेळी तेवढीच ऊर्जा लागते, आणि वाकण्याच्या या कंपनासाठी तेवढी ऊर्जा १५ मायक्रॉनच्या प्रकाशात असते. १० मायक्रॉनवाल्याकडे ती पायरीपेक्षा जास्त आहे. सुटे पैसे मिळत नाहीत, म्हणून तो तसाच पुढे जातो.

नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणूही स्प्रिंगसारखे हलतात, बहुपदीही याच. पण त्यांचे दोन्ही अणू एकसारखे, त्यामुळे हलताना विद्युतभाराचा तोल बदलत नाही आणि प्रकाशाला ढकलायला काही सापडतच नाही.

नाव हर्माइटचं, पण...

शार्ल हर्माइट हे फ्रेंच गणिती (फ्रेंच लोक 'एर्मीत' म्हणतात). त्यांनी या बहुपदींवर १८६४ मध्ये लिहिलं. त्याआधी लाप्लास आणि चेबिशेव यांनीही त्या वापरल्या होत्या. नाव मात्र चिकटलं हर्माइटचं.

खरा रेणू एवढा शहाणा नसतो. कावड वर-खाली आणि मागे-पुढे अशी दोन्हीकडे वाकते, म्हणून दोन दिशांच्या दोन बहुपदी एकमेकींना गुणाव्या लागतात. बंधही आदर्श स्प्रिंग नसतो, त्यामुळे दोन पायऱ्यांच्या उड्याही क्वचित होतात. बहुपदींचे विस्तार करण्याची गरज इथूनच कळते.

मला सगळ्यात आवडलेला विस्तार दोन चलांचा आहे. पायरी २ साठी तो लिहितात: क्ष × क्ष + २ × य. क्ष च्या जागी २ × क्ष आणि य च्या जागी −१ टाका, वरचीच बहुपदी परत मिळते. आणि य ला वेळ समजलं तर? लांब लोखंडी सळईचं तापमान सुरुवातीला क्ष × क्ष असं वाटलेलं असेल, तर य इतक्या वेळाने ते क्ष × क्ष + २ × य होतं (एककं सोयीची घेतली तर). उष्णता पसरण्याचं समीकरण ही बहुपदी तंतोतंत पाळते. रेणू उष्णता कशी धरतो आणि सळईत उष्णता कशी पसरते, दोन्हीकडे एकच कुटुंब.

मग चंद्रपूरचा उन्हाळा या चिमण्यांमुळे?

नाही, थेट तसं नाही. इथला कार्बन डायऑक्साइड इथेच थांबत नाही, जगभरच्या हवेत मिसळतो. गडचिरोलीचं जंगल जो वायू शोषतं, तोही साऱ्या जगाचा.

दुसरा प्रश्न नेहमी विचारला जातो: १५ मायक्रॉनचा प्रकाश आधीच अडतोय, मग वायू वाढला तर फरक काय? रेणू वाकतो तसा गरगर फिरतोही. त्यामुळे पायरीची ऊर्जा थोडी इकडेतिकडे सरकते आणि १५ च्या दोन्ही बाजूंना, साधारण १३ ते १७ मायक्रॉनपर्यंत, प्रकाश कमी-जास्त अडतो. मधला भाग केव्हाच भरलाय. कडा मात्र अजून अर्धवट उघड्या आहेत. चिमणीतून निघालेला नवा रेणू त्या कडांवर काम करतो.