चूक झाली तर सांगणार कोण?

पेढीवरील मुनिमाच्या हातून जमाखर्चांत चूक झाली तर ती रोजमेळ व खतावणी ताडून पाहतां सांपडते, आणि तिचा जाब धनी विचारूं शकतो. त्याबद्दल त्यास कोणी उद्धट म्हणत नाहीं. परंतु तोच धनी आपला तरुण मुलगा इस्पितळांत गमावून घरीं परत येतो, तेव्हां "नेमकें झालें काय?" एवढें विचारण्याचाहि त्यास धीर होत नाहीं. विचारलेंच तर "आम्हीं शक्य तें सर्व केलें" या ठराविक वाक्यावर त्याची बोळवण होते.

वैद्यकी माणसांनींच करावयाची, सबब तींत चुका होणारच, हें आम्हांस मान्य आहे. डॉक्टरांवर हात उगारणाऱ्या टोळक्यांचा तर आम्ही तीव्र निषेधच करतों. पण चूक होणें निराळें व झालेली चूक झांकणें निराळें. पहिलीस क्षमा आहे, दुसरीस आम्हांला ती दिसत नाहीं.

१९५३ सालच्या मे महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेतच्या समुद्रकिनारीं एका तरुणाचें मांडीचें हाड मोडलें. त्यास उपचारासाठीं पुण्यास नेलें, आणि तेथें तो मरण पावला. रक्तांत चरबीची गुठळी गेल्यानें मृत्यु झाला, असें डॉक्टरांचें म्हणणें. पुरेशी भूल न देतां जोर लावून हाड बसविल्याच्या आघातानें झाला, असें बापाचें. सर्वोच्च न्यायालयानें बापाच्या बाजूनें निकाल दिला तो १९६८ सालीं! मुलगा कशानें गेला, एवढें कळण्यास एका बापाला पंधरा वर्षें कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

तेव्हांपासून कायदा थोडा पुढें सरकला आहे, नाहीं असें नाहीं. रुग्णाचे कागद रुग्णापासूनच गुप्त ठेवण्याचा अधिकार डॉक्टरांस नाहीं, असें मुंबई उच्च न्यायालयानें १९९६ सालीं ठरविलें. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणें आंतररुग्णाचे कागद ३ वर्षें जपून ठेवावे लागतात, व रुग्णानें किंवा त्यानें अधिकार दिलेल्या माणसानें मागितल्यास ते ७२ तासांत द्यावे लागतात. हा नियम किती वाचकांस ठाऊक आहे? व्यापाऱ्यास हुंडीची मुदत तोंडपाठ असते. या ७२ तासांची मुदत मात्र त्यास कोणी सांगितलेली नसते.

तथापि खरी उणीव याहून खोल आहे. कागद मागितल्यास द्यावे, असें नियम म्हणतो. चूक घडल्यास डॉक्टरानें आपण होऊन ती सांगावी, असें तो म्हणत नाहीं. जो मागेल त्यालाच मिळेल, आणि ज्यास संशयहि आला नाहीं तो अंधारांतच राहील! इंग्लंडांत सरकारी आरोग्यसेवेंतील इस्पितळांवर २०१४ पासून कायद्यानेंच असें बंधन घातलें आहे, कीं गंभीर इजा झाल्यास ती रुग्णास सांगावी व त्याची माफी मागावी.

यावर आमचे कांहीं डॉक्टर मित्र म्हणतात, "कबुली दिली तर दाव्यांचा पाऊस पडेल." भीति स्वाभाविक आहे, पण अनुभव काय सांगतो? अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या इस्पितळांनीं २००१ पासून चुका उघड सांगण्याचा व रास्त भरपाई आपण होऊन देण्याचा क्रम हळूहळू घातला. तेथें दर एक लाख रुग्णभेटींमागें दरमहा सरासरी ७.०३ नवे दावे येत, ते पुढें ४.५२ वर आले. पुष्कळांना पैसा नको असतो. उत्तर हवें असतें. तें दवाखान्यांत मिळालें नाहीं म्हणजे माणूस वकिलाचें दार ठोठावतो.

राज्याच्या वैद्यक परिषदेपुढें आमची मागणी एवढीच आहे, कीं चूक घडल्याचें ठाऊक होतांच तें लेखी कळविण्याची मुदत ठरवावी, आणि कळविणाऱ्या डॉक्टरास त्या कबुलीपायींच शिक्षा होणार नाहीं असें अभय द्यावें. तें होईपर्यंत वाचकांनीं घरचा रुग्ण इस्पितळांतून सुटतांच कागदांची मागणी लेखी करावी, अर्जाच्या नकलेवर तारखेसह पोंच घ्यावी, आणि चौथ्या दिवशीं पुन्हां जावें.